परसोंइच खोदलेला हौद

वहीतली पहिली नोंद बाबांच्या हातची आहे. "सकाळी १०.३५. टक्. टक्. टक्. मग ठप्प. वरून." पेन्सिलीने लिहिलेलं फिटरचं अक्षर, आकड्यांखाली रेघ. सूतगिरणीत सगळी नोकरी यंत्रांच्या पोटात कान घालून केलेल्या माणसाला आवाज वरून येतो की खालून, हे कळतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पडताळून बघता येत नव्हतं. साडेदहाला मी शाळेच्या कार्यालयात असते आणि तिथे दुसरेच आवाज असतात.

आमचं घर हैदराबादेत, अंबरपेठेतल्या एका गल्लीत आहे. पूर्वी तिथे चक्की होती. गहू, ज्वारी, हळद, मिरची सगळं तिथे दळलं जायचं. आधीच्या मालकाने चक्की बंद केली, शटर काढून भिंत आणि खिडकी घातली, खाली टाइल्स, वर पीओपीचं छत, आणि घर म्हणून विकायला काढलं. रिक्षावाल्यांना अजून पत्ता सांगावा लागत नाही. "चक्कीवाला घर" म्हटलं की पुरे. पहिल्या आठवड्यात घड्याळासाठी भिंतीत खिळा ठोकला तर मी, सुतार आणि घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या कामाच्या बाई, तिघंही शिंकायला लागलो. गिलाव्यात मिरची मुरलेली होती. मी डायरीत लिहून ठेवलं : खिळे ठोकताना तोंडाला रुमाल.

हे घर मी यादीमुळे घेतलं. घरात काय हवं याची अकरा कलमांची यादी होती आणि पहिलं कलम होतं, "बाबांना एकही पायरी नको." बाबांचा उजवा गुडघा गेलेला. दोन वर्षं ते पुण्याला भावाकडे होते, तिसऱ्या मजल्यावर, बंद पडणाऱ्या लिफ्टच्या घरात. तिथे त्यांना काही कमी नव्हतं, हे मुद्दाम लिहिते. वहिनीने औषधाची एक वेळ चुकवली नाही. पण करायला काही नव्हतं. ते गॅलरीत बसून खालच्या गाड्या मोजायचे. फोनवर मला विचारायचे, "तुझ्याकडे काही बिघडलंय का गं?" मिक्सर, पंखा, काहीही चाललं असतं.

संक्रांतीनंतर ते माझ्याकडे आले. चक्कीची पुढची मोठी खोली त्यांची झाली. तिलाच लागून त्यांच्यासाठी नवं बाथरूम बांधून घेतलं. आठवड्याभरात ते एकटे गल्लीच्या तोंडापर्यंत जायला लागले. भाजीवालीशी हुज्जत घालायचे, ती तेलुगूत आणि हे मराठीत, आणि कोथिंबीर फुकट घेऊन यायचे.

आवाज फेब्रुवारीत सुरू झाला. मी आधी फारसं मनावर घेतलं नाही. म्हातारपणी कानात काहीबाही वाजतं. पण मला "असेल काहीतरी" हे वाक्य चालत नाही, म्हणून एक दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखून त्यांना दिली : तारीख, वेळ, आवाज, कुठून, शेरा. पुढच्या पानावर संशयितांची यादी केली आणि आम्ही एकेकावर काट मारत गेलो. उंदीर नव्हते, कारण कोपऱ्यात ठेवलेल्या पिठाच्या गोळीला आठ दिवस कुणी शिवलं नाही. पाण्याचा पाइप नव्हता, कारण पाणी एक दिवसाआड येतं आणि आवाज रोज. शेजारच्या खालांचं शिलाई मशीनही नव्हतं. खाला म्हणजे भिंतीपलीकडच्या वयस्क बाई, साड्यांना फॉल लावतात. शुक्रवारी त्यांचं मशीन बंद असतं, आणि आवाज शुक्रवारीही झाला.

पहिल्या रविवारी मी दहापासून खुर्ची टाकून बसले. बाबांनी त्यांचा लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक भिंतीला टेकवलं, मूठ कानाला लावली. फिटर बेअरिंगचा आवाज असाच ऐकतात. साडेदहा झाले. अकरा झाले. काही नाही. आकाश भरलेलं होतं. पाहुण्यांसमोर पोराने नेमकी कविता विसरावी तसं बाबांचं तोंड झालं.

"रोज होतो गं," ते म्हणाले.

"असेल," मी म्हटलं, आणि शेरा लिहिला : ढगाळ.

दुसऱ्या रविवारी लख्ख ऊन होतं. दहा तेहतीसला माझ्या डोक्याच्या वर कुठेतरी कुणीतरी बोटं मोडल्यासारखं टक् झालं. मग आणखी दोनदा. मग जड, बसका ठप्प. मी उठून उभी राहिले. बाबा बसल्या बसल्या हसले.

त्यानंतर मी खोलीकडे नीट बघायला लागले आणि जे दिसलं ते आवडलं नाही. दार खालून घासत होतं. चौकटीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग वर गेली होती. पलंगाजवळच्या टाइल्सचा सांधा उघडला होता, पोस्टकार्ड उभं राहील इतका. बाबांनी एक बेअरिंगची गोळी जमिनीवर ठेवली. ती क्षणभर विचार करत थांबली आणि मग दाराकडे चालायला लागली.

हे भावाला कळायला नको होतं. पण बाबांना कौतुक लपवता येत नाही. "अरे, घर चालतंय!" असं त्यांनी फोनवर सांगून टाकलं. पाच मिनिटांत भावाचा मला फोन.

"ताई, घर आहे की बैलगाडी?"

"तपासते आहे."

"तपास तू. पण बाबा त्या खोलीत झोपणार नाहीत. मी येऊन घेऊन जातो."

"माझी खोली मागच्या माडीवर आहे. जिना कसा चढतील रोज?"

"म्हणून तर म्हणतो, घेऊन जातो."

शेवटी असं ठरलं, की मी इंजिनिअरला दाखवायचं आणि त्याने खोली सुरक्षित आहे असं लिहून दिलं तर बाबा राहतील. नाहीतर पुणे. बाबा पलंगावर बसून सगळं ऐकत होते. "मला कुणी विचारतंय का?" एवढंच म्हणाले. आम्ही दोघांनीही विचारलं नाही. मला उत्तर माहीत होतं, आणि माहीत असून उपयोग नव्हता.

इंजिनिअर तेलुगू होते, पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी भेगेवर आणि टाइल्सच्या सांध्यावर काचेच्या तीन अरुंद पट्ट्या प्लास्टरने चिकटवल्या. काच ताणली जात नाही, भिंत केसभर सरकली तरी तडकते. दोन आठवड्यांनी येतो म्हणाले. पट्टी तडकली तर त्याच दिवशी खोली रिकामी करा. जाता जाता दारात थांबून त्यांनी विचारलं, "आजूबाजूला कुठे नवीन खोदकाम झालंय का? बोअर, हौद, काही?"

मला माहीत नव्हतं. मी ताबडतोब मधल्या भिंतीशी गेले आणि खालांना हाक मारली. त्या दोऱ्याचं रीळ हातात घेऊनच आल्या.

"खाला, इधर कहीं खुदाई हुई क्या? नवीन?"

"हौ ना बेटी. हौज खोदे ना हम. येइच दीवार से लगके. पानी का क्या हाल हुआ था, मालूम?"

"कब खोदे?"

"परसोंइच खोदे ना."

तो सोमवार होता. परवा म्हणजे शनिवार. शनिवारी सकाळीच दार पहिल्यांदा पूर्ण अडकलं होतं, तशी वहीत नोंद होती. आमच्या भिंतीला लागून खड्डा, आणि त्याच दिवशी आमचं दार अडकतं. सगळे रकाने जुळले. मी लाल पेनने लिहिलं : "कारण – शेजारचा हौद, शनिवार." तेच भावाला कळवलं. त्याने येत्या शनिवारी सकाळी पोचेल अशी गाडी बघितली आणि रविवारची परतीची दोन तिकिटं काढली.

इथे माझ्या चुकीबद्दल थोडं. या शहरात मला अकरा वर्षं झाली होती, पण ती उंच इमारतीत, जिथे सगळे एकमेकांशी इंग्रजीत बोलतात. दखनी, म्हणजे इथली बोलीतली उर्दू, मी कानावरून जाऊ दिली होती, कानात नाही. खालांचं बोलणं मला मात्र पहिल्या दिवसापासून आपलं वाटलं, आणि ते त्या "इच"मुळे. "येइच", "वोइच", "मैंइच." हा आपलाच च आहे, शब्दाला घट्ट धरून ठेवणारा. आपण "परवाच" म्हणतो तेव्हा आदला दिवसही नाही आणि पुढचाही नाही. त्यामुळे "परसोंइच" ऐकल्यावर मला पुन्हा विचारावंसंसुद्धा वाटलं नाही. हैदराबादी माणूस हसला असता. नवख्या माणसाने दोनदा विचारलं असतं. शब्दातला च ओळखून खूश झालेल्या मराठी बाईने तारीख टाकली.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी वही मागून घेऊन ती लाल ओळ वाचली. मग म्हणाले, "शनिवारी खोदला?"

"हो."

"भिंतीला लागून?"

"हो ना."

"कशाने? चमच्याने? महिनाभर कान लावून बसलोय मी त्या भिंतीला. पहारीचा एक घाव ऐकू आला नसता?"

"दुपारी डोळा लागतो तुमचा, बाबा."

हे मी म्हणायला नको होतं. त्या रात्री जेवताना ते फक्त आमटीशी बोलले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या सामानाची यादी करून भिंतीवर लावली : कपडे, औषधं, गुडघ्याचा पट्टा, चष्मे दोन, हत्यारांची पेटी. बुधवारी शाळेतून आले तेव्हा यादीच्या तळाशी पेन्सिलीने एक ओळ वाढली होती. "म्हातारा – १ नग."

ती ओळ खोडायला खोडरबर घेतलं आणि तसंच हातात धरून बसले.

गुरुवारी मी घरी आले तर बाबा खोलीत नव्हते. खालांच्या अंगणातून हसण्याचा आवाज येत होता. मी गेले. बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत, हातात चहा. समोर जमिनीत लोखंडी झाकण, गंजून कडा खाल्लेलं. झाकणाच्या फटीतून कढीपत्त्याचं झाड उगवून खांद्याएवढं झालेलं. खाला पदराने डोळे पुसत होत्या.

"अगं ये," बाबा म्हणाले. "शनिवारी खोदलेला हौद बघ. पाच दिवसांत काय झाड आलंय!"

"खाला, आप तो बोले परसोंइच..."

"हौ, परसोंइच. मेरा नवासा पैदा नहीं हुआ था तब."

तो नातू मी पाहिला होता. त्याला मिशी फुटली होती.

"अब्बा, परसों बोले तो परसोंइच रहता क्या?" खाला बाबांना विचारत होत्या. "कल नहीं, वो सब परसों. तुम्हारे में क्या बोलते फिर?"

"आमच्यातही तसंच आहे," बाबा माझ्याकडे बघत म्हणाले. "'परवा-परवापर्यंत तर बरा होता' असं आपण दहा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाबद्दलही बोलतो. हिला वहीत लिहायचं असतं ना, म्हणून त्रास."

मला राग यायला हवा होता, पण मी त्या कढीपत्त्याकडे बघत राहिले. त्याच्या मुळांनी झाकण उचललं होतं. मी घरी येऊन लाल ओळीवर काट मारली. कारणाचा रकाना पुन्हा मोकळा झाला, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. शनिवारला अजून एक दिवस होता.

शुक्रवारी मी रजा टाकली. बाबांनी रबरी हातोडी काढून दिली, मी खडू आणला. ते पलंगावर बसून एकेक टाइल ठोकायला सांगायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि "पोकळ" किंवा "भरीव" म्हणायचे. मी खूण करायची. गुडघे दुखले, पण दोन तासांत जमिनीवर एक आकृती उभी राहिली. खोलीच्या मधोमध, पलंगाच्या डोक्याकडच्या अर्ध्या भागाखाली, भरीव टाइल्सचा नेटका आयत. सहा फूट बाय चार. बाहेर सगळीकडे पोकळ. आणि उघडलेला सांधा त्या आयताच्या कडेनेच गेलेला, कुणी पट्टी लावून आखल्यासारखा.

बाबांनी डोळे उघडले. "फाउंडेशन," ते म्हणाले. "मशीनचं. चक्कीचा पाया वेगळा घालतात, हादरा घराला लागू नये म्हणून. तो कशाला बसेल? बाजूचा भराव बसतोय."

मी भिंतीशी जाऊन खालांना विचारलं, चक्की नेमकी कुठे होती. कधी होती ते विचारलं नाही.

"बीचोबीच ना. नीचे चक्की, ऊपर बड़ा चाक. पट्टा फिरता था, फट फट फट."

"ऊपर?"

"छत को लगके."

मी आत येऊन बाबांना सांगितलं आणि दोघांनीही एकदमच वर बघितलं. वर पांढरं, गुळगुळीत, कोपऱ्यात फुलं काढलेलं पीओपीचं छत होतं. मी इंजिनिअरांना फोन करून दोन आठवडे न थांबता उद्याच, छत उघडायला माणूस घेऊन, यायला सांगितलं. त्या रात्री बाबांचा पलंग स्वयंपाकघरात हलवला आणि त्यांनी कुरकूर केली नाही.

शनिवारी सकाळी भाऊ आला. साडेनऊला इंजिनिअर आले, सोबत छत कापायला एक कारागीर. पट्ट्या आधी बघितल्या. तिन्ही अखंड. इंजिनिअरांनी बोटाने एकेक चाचपली आणि मान हलवली. मग दाराजवळच्या दोन टाइल्स उचलल्या. खाली माती ओली होती. बाथरूमची नळी जिथे बाहेर जाते तिथला सांधा पाझरत होता. म्हणजे बाबांच्या सोयीसाठी मीच हौसेने बांधून घेतलेलं बाथरूम बाबांची जमीन खचवत होतं. मी ते वहीत लिहिलं. स्वतःचं नाव संशयितांच्या यादीत नव्हतं, हेही लिहिलं.

"भिंतीला काही नाही," इंजिनिअर म्हणाले. "सांधा बदला, भराव ठोकून घ्या, टाइल्स परत बसवा. परवालेदु."

तेलुगूत "परवालेदु" म्हणजे हरकत नाही. पण भावाने चमकून विचारलं, "परवा काय?" आणि बाबांना हसू आवरेना.

तेवढ्यात दहा तीस झाले. ऊन छपरावर चढलं होतं. टक्. भाऊ बोलता बोलता थांबला. टक्. टक्. ठप्प.

"हे?" त्याने विचारलं.

"हे," बाबा म्हणाले, आणि घड्याळाकडे बघून माझ्या हातातल्या वहीकडे बोट केलं.

कारागिराने छताचा चौकोन कापला. धूळ खाली आली आणि आम्ही सगळे शिंकलो. भाऊ शिडीवर चढला आणि त्याने आत टॉर्च मारला.

"काय आहे रे?"

"बाबा, पुली आहे."

गर्डरला बोल्ट केलेल्या लोखंडी ब्रॅकेटवर ओतीव लोखंडाचं चाक लटकत होतं, परातीहून मोठं, वर पट्ट्याचा एक तुकडा तसाच. चक्की गेली, पण हे उतरवायचे कष्ट कुणी घेतले नव्हते, नुसतं झाकलं होतं. ऊन लागलं की गर्डर लांबायचा, ढिले बोल्ट सरकायचे : टक्, टक्, टक्. मग चाक आपल्या जागी बसायचं : ठप्प. ढगाळ दिवशी काहीच नाही. ते सगळं बाबांच्या उशीच्या बरोबर वर. आम्ही दोन आठवडे जमिनीकडे बघत होतो.

इंजिनिअरांनी आणखी दोन माणसं बोलावली. साखळी लावून चाक उतरवायला दुपार झाली. भाऊ शेवटपर्यंत शिडीवरून उतरला नाही. त्याच्या पांढऱ्या शर्टावर वंगणाचे पट्टे उमटले. लहानपणी तो बाबांचा डबा घेऊन गिरणीत जायचा आणि असाच मळून परत यायचा. बाबा खुर्चीतून सूचना देत होते, "घाई नको, आधी डावा बोल्ट, आधी डावा," आणि ती चार माणसं त्यांचं ऐकत होती. चाक जमिनीवर टेकलं तेव्हा बाबांनी वाकून त्याच्या कडेला हात लावला. पट्ट्याच्या तुकड्याचा वास घेतला. "चामड्याचा," म्हणाले, आणि तो उशाशी ठेवून घेतला.

इंजिनिअरांनी कागदावर लिहून दिलं : दुरुस्ती होईपर्यंत, साधारण आठवडाभर, खोली वापरू नये. नंतर राहायला योग्य. पलंग कुठे ठेवावा, असं मी विचारलं. त्यांनी खडूच्या आयताकडे बघितलं. या घरात यापेक्षा पक्की जागा नाही, म्हणाले. मी मोजलं. पलंग साडेसहा फूट होता. अर्धा फूट बाहेर येणार होता. ते चालेल असं ठरलं.

भावाने तो कागद दोनदा वाचला आणि माझ्याकडे परत दिला. मग मोबाइल काढून एक तिकीट रद्द केलं. मी भिंतीवरची सामानाची यादी काढली. बाबांनी ती मागून घेतली आणि शेवटच्या ओळीपुढे बरोबरची खूण करून वहीत ठेवली.

संध्याकाळी चहा पिताना भाऊ म्हणाला, "ठीक आहे. राहा इथे. पण पुण्याला कधी येताय ते सांगा."

बाबांनी बशी खाली ठेवली. "परसों."

भाऊ बोटांवर मोजायला लागला. "म्हणजे सोमवारी? मग मी एक दिवस सुट्टी वाढवू का?"

भिंतीपलीकडचं शिलाई मशीन एकदम थांबलं.